बदलीवरची सीता

रात्रपाळीला अडीच वाजता चहाची सुट्टी होते. पंधरा मिनिटं. रिंग फ्रेमचा आवाज तेवढ्यात कानातून उतरत नाही, म्हणून कुणी फारसं बोलत नाही. जो तो मोबाईल काढून बसतो. एका रात्री आमच्या खात्यातल्या डॉफर पोरानं एक जुनी फिल्लम लावली. मुकी. चित्रं थरथरणारी, मधीच पांढरी फटक पडणारी. एक हौद. हौदात बाया उतरलेल्या, ओल्या लुगड्यानिशी पाणी उडवायल्यात, आणि राजा तिथं येतो. पोरगं म्हणालं, "भारतातली पहिली अंघोळीची शीन हे ही." झालं, सगळे वाकले. आमच्या जॉबरनं चष्मा वर केला आणि म्हणाला, "बाया कुठं हैत रे ह्यात? दंड बघ की त्यायचे. समदे गडी हैत!"

असं हसू फुटलं की एकाचा चहा सांडला. मी पण हसलो. खोटं कशाला बोलू.

मग मला माझा थोरला चुलता आठवला आणि हसू घशातच बसलं.

चुलता तमाशात मावशी व्हायचा. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, त्यांची म्होरकी मावशी. पेंद्या वाट अडवतो आणि ही कमरेवर हात ठेवून त्याला उभा-आडवा करते. मिशा सफाचट, डोक्यावर पदर, आवाज मात्र बाप्याचा. जत्रा सगळी त्याच्या नुसत्या येण्यावर हसायची. आणि सकाळी तोच चुलता त्याच गावात प्यायला पाणी मागायला गेला की ओंजळीत वरून ओतायचे. रात्री जो हसला त्याच्याच घरची बाई ओतायची. मरेस्तोवर आमच्या गावची बारकी पोरं त्याला "ए मावशे" म्हणून हाका मारायची, आणि तोही वळून बघायचा, कारण दुसऱ्या नावानं हाक मारणारं घराबाहेर कुणी उरलंच नव्हतं.

म्हणून त्या हौदातल्या गड्यांची नावं मला पाहिजे होती. मी दहावीनंतर गिरणीत लागलेला माणूस. इतिहास शिकलो नाही. पाळी सुटली की वाचनालय, आणि रात्री मोबाईलवर जे मिळेल ते वाचत गेलो. हौदातल्या बाकीच्यांचा पत्ता लागला नाही, राणीचा लागला. राणी तारामती म्हणजे अण्णा हरी साळुंके. पुढं मी त्याला 'तो' म्हणणार आहे. शेजारच्या फ्रेमवरच्या माणसाला आपण अहो-जाहो करत नाही.

फाळक्यांची गोष्ट शाळेत सगळ्यांना सांगतात. दादासाहेब फाळके, त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. विलायतेला जाऊन कॅमेरा आणला, १९१२ साली दादरला राहत्या बंगल्यात 'राजा हरिश्चंद्र' काढायला घेतला. ३,७०० फुटांची फिल्म, चार रिळं. १९१३ च्या ३ मे ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. हे सगळं खरं आणि मोठं. पण या कामाला बाई मिळेना, ही गोष्ट मात्र पुस्तकात गमतीसारखी सांगतात. मला ती गमत वाटली नाही.

फाळक्यांनी पेपरात जाहिरात दिली. देखणे चेहरे पाहिजेत, कुरूपांनी येऊ नये, अशा अर्थाची. घरंदाज बायांनी ढुंकून पाहिलं नाही. तेव्हा नाटकातसुद्धा बाईचं काम बाप्याच करायचा, मग ह्या नव्या यंत्रापुढं कोण उभी राहणार? शेवटी फाळके वेश्यावस्तीत गेले. तिथल्या बायांनाही हे काम कमीपणाचं वाटलं, आणि पैसेही कमी वाटले. एक तयार झाली, चार दिवस तालीमही केली, तर तिचा मालक येऊन तिला ओढून घेऊन गेला. बाजारात बसलेल्या बाईचीसुद्धा पडद्यावर जाण्यानं अब्रू जात होती, असा तो काळ.

आणि मग ग्रँट रोडच्या एका खानावळीत फाळक्यांना स्वयंपाक करणारा पोरगा दिसला. अंगानं सडपातळ, चेहरा नाजूक, बोटं लांबसडक. पगार महिना दहा रुपये. फाळक्यांनी पंधरा देऊ केले.

पाच रुपये. भारतातली पहिली नायिका पाच रुपयांच्या वाढीवर कामाला लागली. यात कलेची ओढ किती आणि पोटाची किती हे मी सांगत बसत नाही. चुलीपुढं बारा-बारा तास उभं राहिलेल्याला ते विचारायची गरज नाही.

आमच्या गिरणीत बदली कामगार म्हणून एक जात असते. कायम माणूस खाड्यावर गेला की बदलीला बोलावतात. बदलीनं पाळीच्या आधी गेटवर येऊन उभं राहायचं. आत घेतलं तर हजेरी, नाही घेतलं तर डबा तसाच घेऊन परत. मशीन तेच, चाती तीच, सूत तेच, पण मशीनवर नाव त्याचं नाही. मी स्वतः दीड वर्ष बदलीवर काढलं. म्हणून मला साळुंक्याची गोष्ट वाचता वाचता कळली. तो बाईच्या जागेवर लागलेला बदली होता. खाड्यावर कोण होतं? सगळ्या देशाची बाई. तिला गेटाबाहेर अडवून ठेवलेलं आणि तिच्या जागी हा आत घेतलेला.

यातली खरी मजा पुढं आहे. नाटक-सिनेमाचं नाव काढलं की लोक पोरी देत नव्हते, घरात घेत नव्हते. म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर म्हणा, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे. फॅक्टरी! मी हे वाचून उठून बसलो. २००९ साली याच नावाचा मराठी चित्रपटही आला, तेव्हा बऱ्याच जणांना हे ठाऊक असेल. पण मला वाटतं ते नुसतं लपवायचं नाव नव्हतं, कामही फॅक्टरीचंच होतं. कोऱ्या फिल्मला भोकं पाडायची, ती रात्री अंधारात बसून. फिल्म धुवायची. हे करत होत्या सरस्वतीबाई, फाळक्यांच्या बायको. वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, त्यांचे कपडे, आणि उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं. ज्या सिनेमाला बाई मिळत नव्हती तो सिनेमा एक बाई दिवसरात्र ओढत होती, फक्त पडद्यावर ती नव्हती. आणि पडद्यावर ज्यांना बाया व्हायचं होतं त्या गड्यांना फाळक्यांनी लुगडी नेसवून तांदूळ निवडायला, दळायला बसवलं होतं, अंगात बाईपण यावं म्हणून. साळुंक्याला तांदूळ निवडायला शिकवायची गरज पडली नसेल. तो खानावळीतून आलेला.

मिशीवरून तर मोठा घोळ झाला. बाप जिवंत असताना मिशी उतरवायची कशी? अपशकुन. फाळक्यांना पोरांच्या बापांची समजूत घालावी लागली. माझ्या चुलत्यानं मिशी काढली तेव्हा आमच्या आज्यानं त्याला आठ दिवस घरात घेतलं नव्हतं म्हणतात. समजूत घालायला आमच्याकडं कुणी आलं नाही.

एकदा ही सगळी मंडळी वांगणीला शूटिंगला गेली. फाळके मागं राहिलेले. ढाली-तलवारी घेतलेली माणसं बघून गावाला वाटलं दरोडा पडला. पाटलाला वर्दी गेली, सगळ्यांना धरलं. फाळके येऊन कॅमेरा दाखवीस्तोवर राजा आणि प्रजा दोन्ही अटकेत. त्या काळी माणसानं सोंग घेतलं की तो एकतर चोर, नाहीतर छिनाल. तिसरा हिशेब गावाजवळ नव्हता.

तर आता हसण्याचं बोलू. मुक्या सिनेमात हसवणारे पुष्कळ झाले. चार्ली चॅप्लिन १९१४ साली पडद्यावर आला, तो साऱ्या दुनियेचा. आपल्याकडं पुढं बोलपट आल्यावर दीक्षित-घोरीची जाड्या-बारक्याची जोडी जमली. धीरेन गांगुली नावाचा बंगाली होता, त्यानं १९२१ साली 'बिलेत फेरत' केला, विलायतेहून परतलेल्या साहेबी बाबूची टर उडवणारा. हा गांगुली आमच्या मुलखाशी लागून आहे. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि गांगुलीनं १९२२ मध्ये निजामाच्या हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली. 'रझिया बेगम' दाखवला म्हणून १९२४ साली निजामानं त्याला राज्याबाहेर काढलं. मुसलमान राणीचं हिंदू माणसावर प्रेम, ते सरकाराला सोसलं नाही. पुढं १९७५ चा फाळके पुरस्कार गांगुलीला मिळाला, बरं झालं. पण हे सगळे हसवायलाच उभे राहिले होते. साळुंके हसवायला उभा नव्हता. तो जीव तोडून तारामती करत होता. त्याच्यावर आज हसू येतं ते आपलं हसू आहे, त्याचं नव्हे.

बरं, तेव्हाच्या लोकांना दंड दिसले नसतील? दिसले होते. १९१७ साली फाळक्यांनी नाशकात 'लंकादहन' केला. त्यात सीता साळुंके. आणि राम? राम पण साळुंकेच. एकाच माणसाला नवरा आणि बायको दोन्ही. आमच्या भाषेत डबल पाळी. कथाच अशी की सीता अशोकवनात आणि राम तिकडं दूर, म्हणून हे जमलं असावं. लोकांनी सीतेचे पीळदार दंड बघितले आणि तरी हात जोडले. राम पडद्यावर आला की थेटरात माणसं पायताणं काढायची असं सांगतात. मद्रासला तिकिटाची चिल्लर बैलगाडीत घालून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली अशीही आठवण आहे.

दोस्तहो, इथं मी थांबलो. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तरी त्या पानावरून हललो नाही. खानावळीत भाकऱ्या थापणारा माणूस. काल त्याच्या हातचं जेवून पैसे टाकणारी माणसं आज त्याच्यासमोर चप्पल काढून बसली. आणि त्याच १९१७ च्या सप्टेंबरात बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला गेले. अमेरिकेत, लंडनात शिकून आलेले. त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी खानावळीत नाव लपवून राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. पडद्यावरच्या सावलीची जात कुणी विचारली नाही. रक्तामांसाचा माणूस दारात उभा राहिला की पहिला प्रश्न तोच.

साळुंक्याची जात मी इथं काढत नाही. पण त्याची कंपनी होती त्या नाशकाकडं बघा. फाळक्यांनी १९१३ नंतर सगळा पसारा नाशकाला नेला होता, पुढं हिंदुस्थान फिल्म कंपनीही तिथलीच. त्याच नाशकात १९३० च्या २ मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आपली माणसं दारासमोर बसली, दारं बंद झाली. ९ एप्रिलला रामनवमीचा रथ निघाला, त्याला हात लावायचा ठरल्याप्रमाणे प्रयत्न केला तर दगड आले. पाच वर्षं ते चाललं आणि देऊळ उघडलं नाही. म्हणजे एकाच गावात एक राम खानावळीतल्या आचाऱ्यानं करून दाखवलेला, ज्याला दोन-चार आणे देऊन कुणीही बघावं. आणि दुसरा राम काळ्या दगडाचा, कडीकुलपात.

कुणी म्हणेल, स्त्रीपार्ट तर बालगंधर्वांनीही केले. केले की, आणि अप्रतिम केले असणार. त्यांचं लुगडं बघून पुण्या-मुंबईच्या बायका तसं नेसायच्या. त्यांना १९६४ साली पद्मभूषण मिळालं, पुण्यात १९६८ पासून त्यांच्या नावाचं रंगमंदिर उभं आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण साळुंक्याच्या नावाची एखादी गल्ली मी तरी कुठं पाहिली नाही. आणि मावशी करणाऱ्या माणसाच्या नावाची तर अपेक्षाच करू नये. एकाच लुगड्याचे हे तीन भाव. संगीत नाटकात नेसलं तर गंधर्व, सिनेमात नेसलं तर पुस्तकातली एक ओळ, तमाशात नेसलं तर "ए मावशे".

आणि बाईच जर खरोखर आली असती तर? तेही झालं. १९१३ च्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, दोघी पडद्यावर आल्या. दोघींनी धीर केला, त्यांना सलाम. पण तिकडं खाली त्रावणकोरात काय झालं ते बघा. १९२८ च्या सुमाराला 'विगतकुमारन' म्हणून मल्याळी मूकपट निघाला. त्यात पी. के. रोझी या दलित बाईनं नायर घरच्या मुलीचं काम केलं. त्रिवेंद्रमच्या कॅपिटॉल थेटरात ती पडद्यावर दिसल्याबरोबर दगड सुटले. पडदा फाटला. तिचं घर जाळलं. ती रातोरात पळून गेली आणि पुन्हा कधी पडद्यावर आली नाही. तिचा गुन्हा काय, तर वरच्या जातीची बाई केली. आचारी माणूस सीता झाला तर पायताणं काढली, आणि दलित बाई साधी नायराची पोर झाली तर घर पेटवलं.

म्हणून मला हे 'बाई मिळेना' प्रकरण गमतीचं वाटत नाही. बाई मिळत होती. चालत नव्हती.

साळुंके मात्र नुसता लुगडं नेसून थांबला नाही. ही गोष्ट मला सगळ्यात आवडली. तो कॅमेऱ्याचं काम शिकला. कुठल्या शाळेत नव्हे, कंपनीतच, बघून बघून. आमच्याकडं डॉफर पोरगं सायडरच्या शेजारी उभं राहून तुटलेला धागा सांधायला शिकतं तसं. १९२२ च्या 'सत्यनारायण', १९२३ च्या 'बुद्ध देव' या चित्रपटांपासून कॅमेरा त्याच्या हातात आला आणि मग त्यानं तीसेक चित्रपटांचं चित्रण केलं. नट म्हणून त्याचे चित्रपट एका हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच. म्हणजे त्याचं खरं आयुष्य यंत्रामागं गेलं. तेव्हाचा कॅमेरा हातानं फिरवायचा. दांडा एका चालीनं फिरला पाहिजे, जलद झालं की पडद्यावर माणसं रांगतात, हळू झालं की पळतात. ज्या लांब बोटांमुळं त्याला तारामती केलं तीच बोटं आता दांडा फिरवत होती. आणि त्यात 'बुद्ध देव' आहे याचं मला, माझ्या घरात बुद्धाचा फोटो आहे म्हणून असेल, जास्त अप्रूप वाटलं.

१९३१ च्या १४ मार्चला मुंबईत 'आलम आरा' लागला. सिनेमा बोलायला लागला. साळुंक्याची कारकीर्द तिथंच आटोपते. दुसऱ्याच वर्षी, १९३२ साली, प्रभात कंपनीनं मराठी बोलपट काढला 'अयोध्येचा राजा'. गोष्ट तीच, हरिश्चंद्र-तारामतीची. तारामती झाल्या दुर्गा खोटे. शिकलेल्या, मोठ्या घरच्या, आणि नटी म्हणून खरोखर मोठ्या. खाड्यावरची बाई एकदाची गेटातून आत आली. हे व्हायलाच पाहिजे होतं, त्यात माझं दुमत नाही. पण बदलीला कुणी हिशेब दिला? दुर्गाबाईंना १९८३ चा फाळके पुरस्कार मिळाला. म्हणजे दुसऱ्या तारामतीला पहिल्या तारामतीच्या मालकाच्या नावाचा पुरस्कार मिळाला. पहिली तारामती यादीत नाही.

फाळक्यांवर माझा राग नाही. त्या माणसानं घरदार लावलं आणि १९४४ साली नाशकात मेला तो हलाखीतच. बोलपटानं त्यालाही गेटाबाहेर काढलं. पण तो मेल्यावर त्याचं नाव तरी उघडलं.

'राजा हरिश्चंद्र'ची आज पहिलं आणि शेवटचं अशी दोनच रिळं उरली आहेत, पुण्याच्या फिल्म संग्रहालयात. ती १९१३ ची की १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाची, यावर जाणकारांत वाद आहे. माझ्यापुरता तो वाद मिटलेला आहे. दोन्हींत तारामती साळुंकेच.

परवा रात्रपाळीला मी त्या डॉफर पोराला म्हणलं, ती फिल्लम लाव पुन्हा. हौद आला तसं म्हणलं, थांबव. राणीवर बोट ठेवून सगळं सांगितलं. खानावळ, दहाचे पंधरा, राम नि सीता, कॅमेरा. या वेळी कुणी हसलं नाही. जॉबरनं मोबाईल हातात घेऊन बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "म्हंजी स्वैपाकी होता. हात बघ की कसा धरलाय पदर." थोड्या वेळानं विचारलं, "लगीन-बिगीन?" मी मान हलवली, पुढं बोललो नाही.

"पाच रुपये वाढ," तो म्हणाला. "दहावर पाच. बरी होती की रे. आपल्याला दोन वर्षं झाले, कुणी विचारलं का?"

मग भोंगा झाला. माझ्या फ्रेमवर सात धागे तुटलेले होते.